वैमानिकाकडून अपेक्षा आणि वैमानिकाची अपेक्षा

(पिंपळनेर, जि. धुळे येथे विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



येथून ताहराबाद-सटाणामार्गे नाशिकला जाताना ओझर लागते. मिग विमानांसाठी १९६४ साली तेथे कारखाना उभा राहिला. पुढे सुखोई तेथेच बांधले गेले आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात झेपावले. खानदेश-नाशिकच्या माणसाला या यंत्राचे कौतुक असणे स्वाभाविक आहे. आज मात्र यंत्रात बसणाऱ्या माणसाविषयी बोलावयाचे आहे. राष्ट्र त्याच्याकडून काय मागते, आणि त्याने व त्याच्या घरच्यांनी आपल्याकडे काय मागावे, हे दोन्ही प्रश्न मी एकत्र घेणार आहे. पहिल्यावर आपण टाळ्या वाजवतो, दुसऱ्याच्या वेळी सभागृह शांत होते.

पहिल्या महायुद्धात मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर हा तरुण ब्रिटिशांच्या विमानदलात दाखल झाला. त्या काळी वैमानिक उघड्यावर बसे, गोठवणारा वारा तोंडावर घेई. पॅराशूटचा शोध लागलेला होता, बलूनमधून टेहळणी करणाऱ्यांना ते मिळतही असे. ब्रिटिश विमानांच्या वैमानिकांना मात्र ते देण्यात आले नव्हते. जून १९१८च्या अखेरीस वेलिणकर फ्रान्सच्या आकाशात लढताना खाली आला आणि जर्मनांच्या ताब्यात असताना मृत्यू पावला. मरणाची तयारी ठेव, एवढीच मागणी त्या पिढीकडे होती. साधने देण्याचा विचार मागाहून आला. हा क्रम आपण पुढेही पाहणार आहोत.

जेट युग आले आणि मागणी शरीराकडे वळली. भरधाव विमान झटक्यात वळवले की वैमानिकाच्या देहाचे वजन वाढते. नऊपट गुरुत्वबलाखाली सत्तर किलोचा माणूस सहाशे तीस किलोचा होतो. रक्त पायांकडे ओढले जाते, डोळ्यांपुढचे रंग विटतात, मग काळोख येतो आणि शेवटी शुद्ध हरपते. पायांना व पोटाला आवळणारा हवेचा पोशाख मदत करतो, पण पुरत नाही. मांड्या व पोट घट्ट आवळून, दर तीनेक सेकंदांनी ठरावीक पद्धतीने श्वास घेत वैमानिकाला ते रक्त डोक्यात टिकवून धरावे लागते. आणि हे सारे करीत असताना मान वळवून पाठीमागचा शत्रूही शोधावा लागतो. पडद्यावरील वैमानिक त्या क्षणी संवाद म्हणतो. खऱ्याला श्वासाचीच भ्रांत असते!

दिलीप परुळकरांचे उदाहरण घ्या. १९६५च्या युद्धात विशीतला हा मराठी अधिकारी हंटर विमान घेऊन गेला असता शत्रूच्या गोळीबाराने विमान जखमी झाले आणि त्याचा उजवा हातही. लढाऊ विमानाचा दांडा उजव्या हातात असतो, हे ध्यानात घ्या. विमान सोडून दे, असा सल्ला त्याच्या नेत्याने दिला. परुळकरांनी ते तळावर परत आणले आणि त्यांना वायुसेना पदक मिळाले. १९७१च्या डिसेंबरात त्यांचे सुखोई-७ पडले आणि ते युद्धकैदी झाले. १३ ऑगस्ट १९७२च्या रात्री रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून ते ग्रेवाल व हरीश सिंहजी या दोन साथीदारांसह निसटले, पेशावर ओलांडून खैबरच्या वाटेने लंडी कोतलपर्यंत पोहोचले. अफगाण सरहद्द चारेक मैलांवर राहिली होती. तेथे त्यांनी लंडी खानाची वाट विचारली. नकाशात हे स्थानक होते. प्रत्यक्षात तेथली आगगाडी १९३२ सालीच बंद झालेली. एवढ्याशा चुकीने संशय आला आणि ते पकडले गेले. अखेर १ डिसेंबर १९७२ रोजी इतर कैद्यांबरोबर ते वाघ्यावरून परतले. २०२५च्या ऑगस्टमध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. विमान पडल्यावरही वैमानिकाचे काम संपत नाही, ते जमिनीवर निराळ्या रूपात सुरू राहते, हे या आयुष्यातून कळते.

आता थोडे कटू बोलतो. मिग-२१ हे विमान १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ पर्यंत, म्हणजे बासष्ट वर्षे आपल्या सेवेत होते. युद्धांत त्याने मोठी कामगिरी केली. परंतु ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने उतरणारे ते विमान चुकीला क्षमा करीत नसे. किरणसारख्या संथ प्रशिक्षण विमानावरून तरुण अधिकारी थेट त्याकडे येत. मधली पायरीच नव्हती. ती हवी, असे एअर मार्शल ला फाँतेन समितीने १९८२ साली सांगितले होते. हॉक या प्रगत प्रशिक्षण विमानाचा करार झाला २००४ साली, आणि ते बिदरला दाखल झाले २००८ साली. करार होईपर्यंतच बावीस वर्षे! १९८२ साली जन्मलेले मूल तोवर स्वतः वैमानिक होण्याच्या वयाला आले. या काळात सरकारे अनेक पक्षांची आली आणि गेली. येथे एकट्याकडे बोट दाखवता येत नाही. रशियाकडून घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमानांना एप्रिल २०१२ पर्यंत अपघात झाले आणि १७१ वैमानिक गेले, हे संरक्षणमंत्र्यांनीच २०१२ साली संसदेत सांगितले आहे.

त्यातील एक मुंबईचा फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ. १७ सप्टेंबर २००१च्या रात्री राजस्थानातील सुरतगडहून त्याचे मिग उडाले आणि काही क्षणांत कोसळले. रात्रीच्या उड्डाणात क्षितिज दिसत नाही. वेग एकाएकी वाढला की कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय फसवते. नाक वर गेले आहे असे वाटते आणि हात नकळत ते खाली दाबू पाहतो. तेव्हा स्वतःच्या जाणिवेवर अविश्वास दाखवून समोरच्या काट्यांवर विश्वास ठेवावा लागतो. ते शिकवण्यास तास लागतात आणि योग्य विमान लागते. चूक वैमानिकाची, हा निष्कर्ष त्याच्या आई कविताताई गाडगीळ यांनी स्वीकारला नाही. त्यांनी जाहीरपणे प्रश्न विचारले, टीका सोसली, आणि पतीसह तरुणांना उड्डाण शिकवणारी संस्था मुलाच्या नावे काढली. अशा मातेला सैन्यविरोधी ठरविणारी माणसे मी पाहिली आहेत. मला ती माता सैन्याची हितचिंतक वाटते. हुतात्म्याच्या तसबिरीला हार घालणे सोपे आहे. त्याच्या आईचे पत्र शेवटपर्यंत वाचणे अवघड.

आजच्या वैमानिकाकडे मागणी बुद्धीची आहे. शरीराची सुटली असे नव्हे, तिच्यात ही भर पडली. परुळकरांच्या काळी शत्रू डोळ्यांनी दिसत असे. आता तो दिसण्यापूर्वीच कित्येक किलोमीटरांवरून क्षेपणास्त्र सुटते. रडार, सोबतच्या विमानांकडून येणारी माहिती, जमिनीवरून येणाऱ्या सूचना, धोक्याची घंटा, हे सारे एकाच वेळी कानावर आणि पडद्यावर आदळते. काय पाहावे यापेक्षा काय सोडून द्यावे, हे ठरविण्यात त्याचा कस लागतो. आणि मित्र कोण, शत्रू कोण, हे ओळखावे लागते. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगामजवळ आपलेच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले. त्यात नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ही आमची मोठी चूक होती, असे हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात उघडपणे मान्य केले. त्या कबुलीने दलाची मान खाली गेली नाही.

घरच्यांचे काय? फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे सुखोई ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानातील शोरकोटवर पडले. पत्नी दमयंतीताई बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. पकडलेल्या वैमानिकांत ‘तांबे’शी जुळणारे नाव पाकिस्तानी वृत्तपत्रात छापून आले होते. पाकिस्तान नाकारत राहिला. २००७ साली बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांसह दमयंतीताई तेथील तुरुंग पाहून आल्या. हाती काही लागले नाही. बेपत्ता चोपन्न जणांच्या यादीत आजही ते नाव आहे.

हे ऐकून एखाद्या मातेने मुलाचा अर्ज फाडावा, असा माझा हेतू नाही. येथे बसलेल्या मुलामुलींसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. एनडीएतून हवाई दलात जावयाचे तर बारावीला पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व गणित हवे. वैमानिकासाठी उंची किमान १६२.५ सेंटिमीटर लागते. बसलेली उंची आणि पायांची लांबीही मोजतात, कारण कॉकपिट माणसाप्रमाणे बदलत नाही. वैमानिक-योग्यतेची संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून ‘बघू तरी’ म्हणून कोणी ती देऊ नये. दहावीनंतर तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची संस्था १९७७ पासून आहे, मुलींसाठी तशीच संस्था २०२३ पासून नाशिकला आहे. एनडीएच्या पहिल्या तुकडीतील सतरा मुली ३० मे २०२५ रोजी बाहेर पडल्या. साक्री तालुक्यातील मुलीला तो रस्ता आता मोकळा आहे.

पालकांना एवढेच सांगतो, की मुलगा वा मुलगी त्या गणवेशात गेल्यावर पत्रात ख्यालीखुशाली विचाराच, पण कोणते विमान, किती तास, कोण शिकवते, हेही विचारा. गोपनीय असेल ते सांगणार नाहीत. जे सांगतील ते समजून घ्या. आता प्रश्नोत्तरांना अर्धा तास आहे. अर्जाची माहिती मी सोबत आणली आहे, ज्यांना हवी त्यांनी पुढच्या रांगेत यावे.