पहाटेचे तीन आणि मॉर्फिनची मात्रा



१९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी मार्गदर्शिका काढली. दुखणे उसळायची वाट न पाहता ठरल्या वेळी औषध द्यावे, हा तिचा एक मुख्य आग्रह होता. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस सुरू झाले. दर चार तासांनी मॉर्फिन देण्याच्या शिस्तीने असंख्य रुग्णांचे अखेरचे दिवस सुसह्य केले. ती शिस्त टिकायलाच हवी. मात्र दुपारी तीनचे शरीर आणि पहाटे तीनचे शरीर एकच आहे, असे धरून चालण्यात आपल्या व्यवसायाची चूक होते आहे.

फ्रान्समधील ल्यों येथील संशोधकांनी २०२२ मध्ये हे स्वच्छ दाखवले. बारा निरोगी पुरुषांना त्यांनी ३४ तास मंद उजेडात जागे ठेवले. जेवणाऐवजी दर तासाला थोडे खाणे, हालचाल जवळजवळ नाही. ठरावीक अंतराने हाताला उष्णतेचा चटका देऊन वेदना मोजली. ती मध्यरात्रीनंतर सर्वाधिक भरली, दुपारी सर्वांत कमी. जागरणाचा वाटा त्यात लहान होता; चढउताराचा सुमारे ८० टक्के भाग शरीरातल्या घड्याळाचा निघाला.

औषधाचे काय? १९७७ मध्येच उंदरांवरील प्रयोगात दिसले होते, की नॅलोक्सोनने शरीरातली स्वतःची अफूसदृश द्रव्ये अडवली तर वेदना किती वाढते, हे दिवसाच्या वेळेवर अवलंबून असते. पुढे २००५ मध्ये अमेरिकेत प्रसूतीच्या कळा सोसणाऱ्या स्त्रियांना पाठीच्या कण्यातून फेन्टॅनिलची तीच मात्रा दिली गेली. दुपारी तिचा असर सरासरी दीड तास टिकला, रात्री तासाभरापेक्षा थोडाच जास्त.

म्हणून रात्री मात्रा वाढवावी? इथेच सावध राहायला हवे. झोपेत रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडला श्वासकेंद्र एरवीपेक्षा मंद प्रतिसाद देते. अफूवर्गी औषधे तो प्रतिसाद आणखी मंदावतात. घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णात हे दोन्ही एकत्र आले की धोका किती वाढतो, ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यात नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल, तर बोटावरचा ऑक्सिमीटर ९८ दाखवत राहतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. वेदना जास्त, असर आखूड आणि श्वास नाजूक, हे सारे अशा वेळी जुळून येते जेव्हा वॉर्डात कर्मचारी सर्वांत कमी असतात.

दिवसाच्या वेळेनुसार मात्रा ठरवण्याइतका पुरावा अजून हाती नाही, आणि कुणीही आपल्या मनाने ती बदलू नये. परंतु पुरावा आपोआप येणार नाही. अनेक वॉर्डांत वेदनेचा आकडा लिहिला जातो, त्याची नेमकी वेळ गळते. संशोधनातही इंजेक्शन किती वाजता दिले, हे क्वचितच सापडते.

तेव्हा या सभागृहातल्या प्रत्येकाला विनंती आहे. प्रत्येक मात्रेसमोर आणि वेदनेच्या प्रत्येक आकड्यासमोर तास-मिनिटे लिहा, आणि रात्रपाळीच्या परिचारिकेला रुग्णाचे श्वास मिनिटभर मोजता येतील इतकी माणसे द्या.