बिल घेऊन विहारात या

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी माझा उल्लेख 'विचारवंत' असा केला, तो त्यांनी मागे घ्यावा. मी गिरणी कामगार. जे शिकलो ते साच्यावर उभं राहून आणि युनियनच्या कचेरीत जुनी पुस्तकं चाळून. आज मी लाईट बिलावर बोलणार आहे. हसू नका.

मार्च २०२० मध्ये आमची गिरणी बंद झाली ती पुन्हा सुरू झाली नाही. पगार अर्धा, तोही कधी येईल याचा नेम नाही. पुढच्या वर्षी घरचे लाईट बिल थकून १,८६० रुपये झाले. मी त्या वेळी सभांमधून सांगत होतो की कामगारांनी सावकाराची पायरी चढू नये. आणि माझ्याच घरातून आमच्या मंडळींनी, मीटर कापू नये म्हणून, एका इसमाकडून दोन हजार रुपये आणले. शेकडा दहा रुपये महिना व्याज. मला वर्षभर पत्ता नाही. वर्षात २,४०० रुपये व्याजापोटी गेले आणि मुद्दल दोन हजार तसेच उभे! कळले तेव्हा मी ओरडलो. ती म्हणाली, "मग मागायचं कुणाकडं? जयंतीची पावती फाडायला तुम्ही दारोदार जाता. कुणाच्या घरात दिवा लागतो का, हे विचारलंय कधी?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

हे दुखणे जुनेच आहे. गिरणगावात पगाराच्या दिवशी गेटावर पठाण उभे राहत. रुपयाला महिना एक आणा व्याज, म्हणजे वर्षाला शेकडा ७५. खानावळ चालवणाऱ्या बायांचे हाल तर वेगळेच. कामगार महिनाभर उधारीवर जेवणार, पैसे पगाराला देणार. तोवर बाईने धान्य आणायचे कुठून? वाण्याकडून उधार, नाहीतर सावकाराकडून व्याजाने. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. एकटीला कोण कर्ज देणार? गटाने एकमेकींची हमी घेतली म्हणून मिळाले. त्या बाया आळशी नव्हत्या, उधळ्या नव्हत्या. खर्च आधी आणि पैसा नंतर, एवढीच त्यांची अडचण होती. आपल्या वस्तीतल्या बहुतेक घरांचीही तीच आहे.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुणाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक उपभोगाला, दोन धंद्याला, चौथा अडीअडचणीला. एका बाईने मला विचारले, "दादा, महिन्याच्या नऊ हजारांत चौथा भाग काढू कसा?" तिचे खरे आहे. म्हणून आम्ही ठरवले की एका घराला जमत नसेल तर तो भाग सगळ्यांनी मिळून काढायचा. ४२ घरे, घरटी ५० रुपये, महिन्याला २,१०० रुपये. विहाराच्या दानपेटीशी या पैशाचा संबंध नाही. हिशोबाची वही वेगळी, सह्या दोघांच्या. पैसे हातात द्यायचे नाहीत, बिल परस्पर भरायचे. परतफेड हप्त्याने, बिनव्याजी.

नावांवरून मात्र वाद झाला. दान देणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहितो तशी मदत घेणाऱ्यांचीही लिहावी, म्हणजे पैसे बुडणार नाहीत, असे आपल्या काही ज्येष्ठांचे म्हणणे होते. मी विरोध केला. बिल थकले म्हणून ज्याचे नाव फळ्यावर चढेल, तो पुढच्या वेळी गुपचूप सावकाराकडे जाईल. दोन घरांचे पैसे अजून यायचे आहेत हे मी लपवत नाही. तरीही नावे सांगणार नाही.

पहिले तीन रविवार टेबलाकडे कुणी फिरकले नाही. चौथ्या रविवारी मी माझे स्वतःचे थकलेले बिल टेबलावर चिकटवले. त्या दिवशी एक आजी आल्या, पिशवीत बिलांची चळत. घरात एक दिवा, एक पंखा. बिल मात्र चार माणसांच्या घराचे! पाहतो तर रीडिंगच्या जागी 'फॉल्टी' छापलेले, आणि महिनोन्‌महिने सरासरीने आकारणी. अर्ज लिहिला, मीटरचा फोटो जोडला, चार खेपा घातल्या. मीटर बदलले, बिल दुरुस्त झाले. आपल्या निधीतला एक रुपयाही लागला नाही. तेव्हा कळले की पैशाआधी बिल वाचणारा माणूस पाहिजे.

काही गोष्टी ध्यानात ठेवा. वीज कायदा २००३, कलम ५६. थकबाकीसाठी लाईट कापायची तर आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल तक्रार असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यातली जी कमी ती निषेध नोंदवून भरा. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत लाईट कापता येत नाही. आणखी एक. युनिट वाढले की वरच्या युनिटांचा दरही वाढतो. एका मीटरवर तीन चुली असतील तर तिघेही महागड्या दरात जातात. वेगळ्या मीटरसाठी कागद पुरतात का, ते आम्ही पाहून देऊ.

गटाच्या कर्जाचे हप्ते भरणाऱ्या भगिनींनो, रिझर्व्ह बँकेने २०२२ साली मायक्रोफायनान्सवाल्यांना नियम घातला आहे. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करून छळता येत नाही. आणि परवान्याशिवाय सावकारी करणे हा २०१४ च्या राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. माझ्या घरी दोन हजार देणाऱ्या इसमाला मी हे ऐकवले. त्याने मुद्दलावर हिशोब मिटवला.

टेबल दर रविवारी वंदनेनंतर, दहा ते बारा. मागच्या सहा महिन्यांची बिले आणा, मीटरचा फोटो मोबाईलमध्ये काढून आणा. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्या घरी आपली कॉलेजची मुले येतील. नोटीस आली असेल तर रविवारची वाट पाहू नका, रात्री माझ्या दाराची कडी वाजवा.

जयभीम!