युरोप की अमेरिका? कामगाराच्या बाजूने एक हिशेब



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी हा विषय सुचवला तेव्हा आम्ही थोडे कचरलो. परदेशी जायचे तर युरोपात जावे की अमेरिकेत, यावर दोन्हीकडे राहून आलेल्या विद्वानाने बोलावे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला थांबले. पुढचे जे काही झाले ते कारखान्यांच्या गेटावर आणि सार्वजनिक वाचनालयात. तरीही आम्ही होकार दिला. कारण असे की, उरण, थळ, रोहे या पट्ट्यात गेट-मीटिंग संपली की हल्ली कामगार आम्हांला बाजूला घेतात आणि हाच प्रश्न विचारतात. स्वतःसाठी नव्हे, आय.टी.आय. झालेल्या मुलासाठी किंवा नर्सिंग झालेल्या मुलीसाठी. विचारणाऱ्याने वाडी गहाण टाकण्याचे मनात आणलेले असते. अशा माणसाला "दोन्ही देश चांगले आहेत" असे उत्तर देऊन चालत नाही.

प्रश्न तसा जुना आहे. १८८३ च्या एप्रिलात दोन स्त्रिया समुद्रापार निघाल्या: आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला आणि पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव टपाल खात्यात होते, त्यांची बदली काही काळ आपल्या अलिबागेस होती, म्हणजे या गावाचाही त्या प्रवासाशी थोडा संबंध आहे. आनंदीबाई अमेरिकेला गेल्या त्या तो देश थोर म्हणून नव्हे. न्यू जर्सीतल्या कार्पेंटर नावाच्या एका बाईंनी पत्रे लिहून आपले घर त्यांना उघडे करून दिले म्हणून गेल्या. आमच्या मते यात पहिला धडा आहे: देश निवडण्याआधी तिथे दार कोण उघडणार, हे पाहावे. रमाबाईंना इंग्लंडात आसरा मिळाला, शिकवण्याचे काम मिळाले, पण आपल्या मनाने वागण्याचा अधिकार कोणाचा, यावरून तिथल्या धर्माधिकाऱ्यांशी त्यांचे खटके उडाले. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत हिंडल्या, बोलल्या. बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ उभे राहिले, आणि त्या पैशावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले. एकाच बाईला एका खंडाने छप्पर दिले, दुसऱ्याने हात मोकळे करून दिले. आनंदीबाईंना मात्र पदवीबरोबर क्षयही मिळाला. १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, त्या पुण्यात वारल्या.

आता त्याच सालांकडे आमच्यासारख्या युनियनवाल्याच्या नजरेने पाहा. या दोघी ज्या १८८३ साली निघाल्या, त्याच साली जर्मनीत बिस्मार्कने कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. पुढच्या वर्षी अपघाताचा आणि १८८९ साली म्हातारपणाचा. बिस्मार्क काही आमचा मित्र नव्हे. समाजवाद्यांवर बंदी घालणारा हाच माणूस. कामगार त्यांच्याकडे जाऊ नयेत म्हणून त्याने हे केले. पण केले. आणि ज्या वसंतात आनंदीबाई पदवी घेत होत्या, त्याच वसंतात, १ मे १८८६ रोजी, अमेरिकेतले कामगार आठ तासांच्या दिवसासाठी संपावर गेले. शिकागोत गोळ्या झाडल्या गेल्या, पुढाऱ्यांना फाशी झाली. गंमत अशी की तो १ मे आज जर्मनीत सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे, आणि अमेरिकेत तो कामाचा दिवस आहे! त्यांचा कामगार दिन सप्टेंबरात येतो.

ही केवळ इतिहासाची गोष्ट नाही. परदेशाबद्दल विचारणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न पगाराचा करतो. आम्ही त्याला उलट विचारतो, "ज्या दिवशी काम सुटेल, त्या दिवशी काय?" पगार सगळेच सांगतात, या दिवसाबद्दल एजंट बोलत नाही आणि गावी आलेला पाहुणाही बोलत नाही.

अमेरिकेत एच-वन-बी परवान्यावर गेलेल्या माणसाचे काम सुटले तर त्याला साधारणतः साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरा मालक शोधायचा, दुसऱ्या कोणत्या परवान्याची सोय लावायची, नाही तर चंबूगबाळे आवरायचे. आरोग्याचा विमा बहुधा मालकामार्फत, म्हणजे नोकरीबरोबर तोही जातो. ठेवायचा तर हप्ता पदरचा. भरपगारी वार्षिक रजा मिळालीच पाहिजे असा कायदा त्या देशाच्या मध्यवर्ती सरकारने आजवर केलेला नाही. किमान वेतनाचा मध्यवर्ती दर तासाला सव्वासात डॉलर, तो २००९ पासून हललेला नाही. कित्येक राज्यांत तो जास्त आहे हेही खरे.

जर्मनीत ज्याने अडीच वर्षांत बारा महिने विम्याचा हप्ता भरला आहे, त्याला बेकारीत हातात येणाऱ्या पगाराच्या साठ टक्के मिळतात, मूल असेल तर सदुसष्ट. आजारी पडला तर सहा आठवडे पूर्ण पगार मालक देतो. आणि आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट: पाच किंवा अधिक कायम कामगार असलेल्या आस्थापनेत कामगारांना आपली समिती निवडता येते. तिच्या निवडणुकीत परदेशी कामगारही मत देतो आणि स्वतः उभाही राहू शकतो. कंत्राटी कामगाराला गेटाच्या आत बसायला जागा मिळावी म्हणून इकडे आम्ही वर्षानुवर्षे अर्ज करतो, तेव्हा असले कायदे वाचून जीव थोडा जळतो.

पण श्रोतेहो, तराजूचे दुसरे पारडेही पाहू. जर्मनीत सरासरी पगाराच्या सड्या माणसाला शंभर युरोंतले साठ-बासष्टच हाती येतात. बाकीचे कर आणि विम्यात जातात. भाषा शिकल्याशिवाय गत्यंतर नाही. परिचारिकेला तर डॉक्टरांशी आणि रोग्याशी बिनचूक बोलता येईल इतकी जर्मन यावी लागते, आणि इथल्या प्रमाणपत्राला तिथे मान्यता मिळवण्याचे कागदी दिव्य वेगळेच. आणि एक आठवण ठेवावी. १९६१ साली करार करून त्यांनी तुर्की कामगार नेले, त्यांना नाव दिले 'पाहुणे कामगार'. १९७३ साली भरती थांबवली आणि १९८३ साली परत जाणाऱ्यास साडेदहा हजार मार्क देऊ केले. पाहुण्याला वाटखर्ची देऊन वाटेला लावण्याचाच तो प्रकार. अमेरिकेला या बाबतीत नावे ठेवता येणार नाहीत असे नाही, १९६५ पर्यंत आपल्यासारख्यांना तिचे दार जवळजवळ बंदच होते. पण एकदा आत घेतले की तो समाज परक्याला आपला म्हणायला युरोपाइतका वेळ लावत नाही, आणि हुशार माणसाच्या चढण्याला तिथे जी उंची आहे ती युरोपात क्वचित सापडते. आपली इंग्रजी शिकलेली मुले तिकडे ओढली जातात त्यात नवल नाही.

मात्र कोणाला कुठले दार उघडे आहे हे पाहिले की निम्मा वाद मिटतो. एच-वन-बी हा पदवीधरांचा परवाना. वर्षाला ८५,००० नवे, तेही सोडत काढून, आणि सप्टेंबर २०२५ पासून परदेशातून आणायच्या माणसामागे मालकाला एक लाख डॉलर भरण्याचा फतवा निघाला. कायम वास्तव्याच्या रांगेत भारतीय पदवीधर दहा वर्षांहून अधिक काळ ताटकळतात. आमच्या वेल्डरच्या किंवा वायरमनच्या मुलाला त्या देशात सरळ वाट जवळजवळ नाहीच. उलट जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतातल्या कुशल कामगारांसाठी वर्षाचे परवाने वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचे ठरवले, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. करार झाला म्हणजे नोकरी मिळाली असे नव्हे, हेही इथेच सांगून ठेवतो.

आणि बोलावून नेले म्हणजे मानाने वागवतीलच असेही नाही. नवगावच्या किनाऱ्यावर ज्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले असे सांगतात, ते आपले शनिवार तेली, बेने इस्रायली, १९४८ नंतर स्वतःच्या म्हटलेल्या देशात गेले. १९५१ साली त्यांच्यातल्या काहींनी "आम्हांला परत पाठवा" म्हणून तेल अवीवला ठाण मांडले. लग्नाच्या बाबतीत त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली तेव्हा १९६४ साली जेरुसलेमला पुन्हा ठिय्या दिला आणि तिथल्या संसदेकडून बरोबरीचा ठराव करून घेतला. अलिबाग-रेवदंड्याकडची माणसे ही. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून चालवलेला संप ज्या मुलखात झाला, तिथली. न भांडता हक्क मिळत नाही हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

एक बाब राहिली, ती म्हाताऱ्यांची. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षेचा करार २०१७ च्या मे महिन्यापासून लागू आहे. इकडे भरलेली आणि तिकडे भरलेली वर्षे पेन्शनसाठी एकत्र मोजता येतात. अमेरिकेशी असा करार नाही. तिथे साधारण दहा वर्षे भरली नाहीत तर म्हातारपणाच्या पेन्शनसाठी कापलेला पैसा तिथेच राहिला म्हणून समजा. हे जाणाऱ्याच्या म्हातारपणाचे झाले. मागे राहिलेल्या आईबापांचे काय? अमेरिकेत त्यांना कायमचे नेण्यासाठी मुलाने आधी तिथले नागरिक व्हावे लागते. जर्मनीने मार्च २०२४ पासून नव्या कुशल कामगारांना आईवडील आणण्याची वाट ठेवली आहे, पण त्यांच्या पोटाची आणि आजारपणाच्या विम्याची तजवीज मुलाने दाखवली पाहिजे, आणि सत्तरीच्या माणसाला तिथे विमा मिळणे फार कठीण. म्हणून नागाव-चौलाकडे नारळी-पोफळीच्या वाड्यांतून कुलूप लागलेली घरे दिसतात तशीच, कुलूप न लावलेली पण एकाच म्हातारीचा दिवा असलेली घरेही दिसतात. मुलाला कुठे पाठवू, असे विचारणाऱ्या बापाला आम्ही हे सर्व सांगतो, आणि मग त्याच्या मुलाचा करारनामा वाचायला मागतो. बहुतेक वेळा तो त्याने अजून पाहिलेला नसतो.