मांजर आणि मालकाचे केस

चेन्नईच्या तिरुवल्लिक्केणी भागात पार्थसारथीचे प्राचीन मंदिर आहे. तेथील परंपरा श्रीवैष्णवांच्या तेंकलै शाखेची. ईश्वराची कृपा भक्ताला कशी लाभते, या प्रश्नावर श्रीवैष्णवांत दोन पक्ष पडले. वडकलै पक्षाने वानरीच्या पिलाचा दाखला दिला. ते आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगते. तेंकलै पक्षाने मांजरीच्या पिलाचा दिला; ते काहीच करीत नाही, आईच त्याला मानगुटीस धरून सुरक्षित स्थळी नेते. हाच मार्जारकिशोरन्याय.

श्रोतेहो, रात्री उशाशी येऊन मांजर आपले केस चघळू लागते, त्याचे रहस्यही बहुतांशी याच माय-लेकरांच्या नात्यात आहे. मांजरी पिलांना जन्मतःच चाटून स्वच्छ करते. पुढे सलोख्याने राहणारी मांजरेही एकमेकांचे डोके आणि मान चाटतात. मालकाचे केस विंचरू पाहणारे मांजर त्याला आपल्याच गोतातला समजत असते. त्यातून चेन्नईची हवा उष्ण व दमट. केसांतला घामाचा खारटपणा आणि खोबरेलाचा वास यांचाही मोह त्याला पडतो.

काही मांजरे मात्र पंजांनी उशी मळत मळत केस चोखतात. ही दूध पिण्याचीच लकब होय. आईपासून फार लवकर तोडलेल्या पिलांत ती पुष्कळदा राहून जाते. म्हणून निदान आठ आठवडे पिलू आईजवळच असू द्यावे.

हे सारे गोड वाटले, तरी निर्धास्त राहू नये. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. तोंडात अडकलेली वस्तू त्याला सहजी थुंकता येत नाही. ती गिळलीच जाते. एखाददुसरा केस निभावून जातो. पण येथल्या वेणीत मोगऱ्याचा गजरा असतो आणि गजऱ्यात दोरा! त्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी अडकून दुसरे आतड्यात उतरले, तर आतडे चुणीसारखे गोळा होते व प्रसंगी कापलेही जाते. तोंडातून लोंबणारा दोरा कधीही ओढू नये; तत्काळ पशुवैद्य गाठावा. वेपेरी येथे १९०३ साली सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालय या नगरात आहेच. मांजर एकाएकी केस, कापड वा माती खाऊ लागले, तरीही त्याची तपासणी करवावी. मुळाशी रक्तक्षय किंवा पोटाचा विकार असू शकतो.

एरवी त्याला मारू नये. केस बांधून निजावे, गजरा झाकणाच्या डब्यात टाकावा, आणि चघळणे सुरू होताच तोंड फिरवून त्याला खेळणे द्यावे. केस चाटणारे मांजर आपल्याला पिलू समजते. केस चोखणारे आई समजते. आणि मार्जारकिशोरन्यायात पिलाचा सगळा भार आईवरच असतो.