फुप्फुसावरील गाठ आणि कामगाराचा दावा



भंडारा जिल्ह्याला धूळ नवी नाही. तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगेनीजच्या खाणी आहेत. परंतु मँगेनीजची धूळ निराळी, अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू निराळा. येथे प्रश्न आहे तो तरुणपणी मुंबईकडे अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या कारखान्यात राबून म्हातारपणी गावी परतलेल्या माणसाचा.

फुप्फुसावरील पातळ आवरणाचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा. १९६० साली वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील ३३ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि अ‍ॅस्बेस्टॉसशी त्याचे नाते उघड झाले. तंतू छातीत गेल्यावर रोग प्रकटायला बहुधा ३० ते ४० वर्षे लागतात. तोवर नोकरी संपलेली असते आणि हजेरीपुस्तकाला वाळवी लागलेली असते!

याच आवरणात क्वचित दुसरी एक गाठ होते. तिला एकल तंतुमय गाठ म्हणतात. नावात तंतू असला तरी अ‍ॅस्बेस्टॉसशी तिचा संबंध आढळलेला नाही. ती बहुधा सौम्य असते, कित्येकदा देठावर लोंबते, आणि शस्त्रक्रियेने समूळ काढल्यास रोगी बहुधा बरा होतो. मेसोथेलिओमा आवरणभर पसरतो, छातीत पाणी साठवतो. केवळ क्ष-किरण चित्रावरून निवाडा होत नाही. गाठीचा तुकडा तपासावा लागतो. पेशीकेंद्रात स्टॅट-६ हे प्रथिन ठळक दिसले तर कौल एकल गाठीकडे झुकतो. कॅलरेटिनिनसारख्या खुणा मेसोथेलिओमाकडे बोट दाखवतात.

छातीत पाणी दिसताच क्षयाचा संशय येणे आपल्याकडे साहजिक आहे. पण औषधाने पाणी हटत नसेल, तर तुकडा न तपासताच महिने घालवणे हा अन्याय आहे. भंडाऱ्याहून नागपूर अवघे ६० किलोमीटर!

अ‍ॅस्बेस्टॉसजन्य मेसोथेलिओमा कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे. निदान क्षय असे लिहिले गेले, तर विधवेचा दावा तेथेच संपतो. उलट, निरुपद्रवी गाठीलाही अ‍ॅस्बेस्टॉसचा कर्करोग म्हटले, तर रोगी व्यर्थ मरणभयात राहतो आणि मालकाच्या वकिलाला खऱ्या दाव्यांवरही शंका घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद ४० वर्षे, किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला. ती नोंद मागायची, तर कारखान्याचे नाव आधी दवाखान्याच्या कागदावर यायला हवे. व्यवसायाच्या रकान्यात ‘शेतमजूर’ एवढेच लिहून डॉक्टरांनी थांबू नये. त्याआधी कोठे, कोणत्या खात्यात, किती वर्षे काम केले, हेही विचारून तेथे लिहावे.