विस्मरणातील सोबत
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला सरकारी नोकरीतील अनुभवांवर बोलावयास सांगितले होते. मी त्यांच्याकडून विषय बदलून घेतला. गेली काही वर्षे आमच्या घरात जे घडत आहे, ते मी आपल्यापासून लपवून ठेवले. आज तेच सांगण्यासाठी उभा आहे. मी कला शाखेचा साधा पदवीधर. वैद्यकाविषयी जे थोडेफार कळते, ते आईच्या उशाशी बसून आणि डॉक्टरांना विचारून मिळालेले आहे.

आरंभ होळीच्या दिवशी झाला. पन्नास वर्षे पुरण घालणाऱ्या माझ्या आईने अर्धवट शिजलेल्या डाळीतच गूळ घातला. डाळ शिजेना, आणि पुढे काय करावे हे आईला सुचेना. हातात डाव घेऊन ती शेगडीपुढे नुसती उभी राहिली. माझ्या लग्नाच्या पंगतीत कोण कोठे बसले होते, हे मात्र तिला बिनचूक आठवत असे. जुने सारे स्मरते, तेव्हा हा विसराळूपणा नसून हट्ट असला पाहिजे, असे मी ठरवून टाकले. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तयारच होती. पाहुण्यांदेखत मी तिला टाकून बोललो. त्यानंतर बराच वेळ ती देवघरात बसून होती.

काही महिन्यांनी तिचा एक पाय ओढला जाऊ लागला, तेव्हा मेंदूची तपासणी झाली. मेंदूत ठिकठिकाणी रक्तपुरवठा तुटल्याच्या लहान लहान खुणा होत्या. या विकाराला व्हॅस्क्युलर डिमेन्शिया, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या दोषामुळे येणारा स्मृतिभ्रंश म्हणतात. म्हातारपणी धमन्या कठीण होतात आणि बुद्धी मंदावते, अशी पूर्वी सर्वसाधारण समजूत होती. १९७४ साली हॅचिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतील अनेक लहानमोठ्या आघातांतून येणाऱ्या स्मृतिभ्रंशाकडे लक्ष वेधले. अल्झायमरच्या विकारात बहुधा आधी ताज्या घटना विसरल्या जातात. या विकारात पुष्कळदा स्मरणाच्याही आधी कामाचा क्रम लावण्याची शक्ती जाते, विचार संथ होतो, रडू वा हसू अकारण फुटते. होळीच्या पुरणाचे कोडे मला तेव्हा उलगडले. घसरणही अनेकदा पायऱ्यापायऱ्यांनी होते. रुग्ण काही महिने एका पायरीवर स्थिर असतो, आणि एखाद्या सकाळी उठतो तो खालच्या पायरीवर.

मेंदूचा गेलेला भाग परत आणणारे औषध नाही. परंतु रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवले, तंबाखू सोडला, हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर उपचार केले, तर पुढची पायरी लांबविता येण्याचा संभव असतो. आईने 'आता बरे वाटते' म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या केव्हाच सोडल्या होत्या. कचेरीतील शेकडो फायली मी मुदतीत निकालात काढल्या. आईच्या गोळ्यांची पट्टी संपते की नाही, हे मात्र एकदाही पाहिले नाही. आपल्या घरी वडीलधारी माणसे असतील, तर आज घरी गेल्यावर ती पट्टी तेवढी पाहा.

पुढे दिवेलागणीला आई 'घरी चला' असा धोशा लावू लागली. कोलकात्यात तिला करमत नसेल, असे समजून मी रजा काढली आणि हावड्याहून पुण्यास व तेथून वाईजवळच्या आमच्या गावी तिला घेऊन गेलो. गाडीत ती दोन रात्री भेदरून जागी होती. गावच्या ओसरीवर बसली, भिंतीवरून हात फिरविला, आणि दिवा लागताच म्हणाली, "चला, आता घरी चला." त्या रात्री मला फार एकटे वाटले.

परत आल्यावर दिवसाच्या सोबतीला एक बंगाली आया ठेवली. ती आईला 'मासीमा' म्हणे. आईचे हिंदी व मोडके बंगाली एव्हाना पुसले गेले होते. मराठी तेवढी उरली होती. एका संध्याकाळी आई घाबरून विचारू लागली, "चूल पेटली का? चूल?" बंगालीत चूल म्हणजे केस. आयाबाईने फणी आणली, तेल आणले आणि ती आईचे केस विंचरीत बसली. तिची चूक सांगण्यासाठी मी पुढे झालो, आणि थांबलो. आईचे खांदे सैल झाले होते, डोळे मिटत होते. हेच आपले घर असे आईला पटवून देण्याचा नाद आम्ही त्या दिवसापासून सोडला. ती 'घरी चला' म्हणाली, की आम्ही म्हणतो, "हो, आधी वेणी घालू या."

आता ज्यासाठी हा विषय मागून घेतला, ते सांगतो. हे सारे करणारी व्यक्ती मी नव्हे. माझी पत्नी आहे. मी दहा वाजता कचेरीत जातो. रात्री चार वेळा उठणे, कपडे बदलणे, घास भरविणे हे तिच्याकडे. मंडळाच्या हळदीकुंकवाला ती दोन वर्षे आली नाही. आपण विचारलेत, तेव्हा 'तिची प्रकृती बरी नसते' असे मी सांगत आलो. एका मध्यरात्री ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसलेली दिसली. मी विचारले, तर म्हणाली, "मला फक्त दोन तास कुणाशी तरी मराठीत बोलायचं आहे."

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा. आपल्यातील आमचे एकच घर असे असेल, हे संभवत नाही. आईवडिलांच्या पोषणाचे दायित्व सांगणारा २००७ चा कायदा आहे; ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे दूरध्वनी आहेत; १९९२ साली केरळात सुरू झालेली अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया आहे. यांचा आधार जरूर घ्यावा. परंतु आठवड्यातून दोन तास रुग्णाजवळ बसून घरच्या बाईला मोकळे करणे, हे काम शेजारच्या माणसाचेच आहे.

अशा घरी जाल, तेव्हा "मला ओळखलंत का?" असे कृपया विचारू नका, ती परीक्षा असते. आपले नाव आपणच सांगा, जवळ बसा, हळू बोला. रुग्णाचे म्हणणे चुकीचे असले, तरी खोडून काढू नका. आई मला हल्ली आपला थोरला भाऊ समजते. "दादा" म्हणून हाक मारते, आणि मी ओ देतो.

चिटणीसांच्या टेबलावर मी एक कोरी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर दोन रकाने आखले आहेत: ज्यांना सोबत हवी आहे ते, आणि ज्यांना देता येईल ते. पहिल्या रकान्यात आमचे नाव लिहिले आहे. दुसऱ्यातही लिहिले आहे. रविवारी सकाळचे दोन तास मला काढता येतात.