आवक-जावक वहीपासून ई-मेलपर्यंत
(कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या संगणक प्रशिक्षण वर्गाच्या समारोपप्रसंगी, वर्गातील सहकाऱ्यांच्या वतीने केलेले भाषण)



या वर्गात शिकलेल्या आम्हा कर्मचाऱ्यांच्या वतीने चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल आम्ही आभारी आहोत. ई-मेल ही वस्तू आमच्यापैकी कोणालाच नवी नव्हती. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, त्यास आता एक पिढी उलटली. पत्र पाठविता येते की नाही, हा प्रश्न नव्हताच. आलेले पत्र कोणी उघडावे, त्याचे उत्तर कोणी द्यावे आणि ते दिले गेले की नाही हे कोणी पाहावे, हा खरा प्रश्न होता.

कागदी टपालात ही व्यवस्था आपोआप होती. टपाल आले की त्यावर शिक्का पडे, आवक क्रमांक पडे, संबंधित मेजावर ते जाई आणि घेणारा वहीत सही करी. पत्र कोणाकडे अडले आहे, हे वही उघडताच कळे. ई-मेलमध्ये मात्र निरोप नुसता उघडला, तरी त्याची ठळक अक्षरे साधी होतात आणि दुसऱ्या पाहणाऱ्यास वाटते की काम झाले. पाहणे आणि निकाली काढणे यांतला हा फरक लक्षात येण्यास आम्हांस पहिले दोन आठवडे लागले. आता सामाईक पेटी सकाळी दहा वाजता आणि दुपारी तीन वाजता नेमून दिलेली एकच व्यक्ती उघडते, प्रत्येक निरोपावर जबाबदार सहकाऱ्याच्या नावाची खूण लावते, आणि उत्तर गेल्याखेरीज तो निरोप आवकेतून हलवीत नाही. ही जुनी आवक-जावक वहीच होय. फक्त तिचे पान काचेचे झाले आहे.

याचे महत्त्व धर्मादाय रुग्णालयाइतके दुसऱ्या कोणास कळावे? मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार आपणांस १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. अशा खाटेसाठी आलेली विचारणा दोन दिवस न वाचता पडून राहिली, तर खाट रिकामी असूनही रुग्ण बाहेर राहतो. म्हणून ही एक विचारणा तीन वाजेपर्यंतही थांबत नाही. विषयात ‘खाट’ हा शब्द असलेला निरोप वेगळ्या कप्प्यात पडावा आणि समाजसेवा अधिकाऱ्यांकडेही त्याच क्षणी जावा, अशी योजना आम्ही वर्गातच करून पाहिली. आमच्या मते संपूर्ण प्रशिक्षणाचा खर्च या एका गोष्टीने भरून निघाला.

ई-मेलच्या वरच्या ओळींबद्दल आम्हांस उगाच धास्ती होती. ती ओसरली, कारण त्या ओळी आमच्या परिचयाच्याच निघाल्या. ‘प्रति’ म्हणजे ज्याने कार्यवाही करायची तो. ‘सीसी’ म्हणजे आपण पत्राच्या तळाशी वर्षानुवर्षे लिहीत आलो ते ‘प्रत माहितीसाठी’. सीसी या अक्षरांचा अर्थच कार्बन प्रत असा आहे, हे कळल्यावर टंकलेखन यंत्रावर ज्यांची हयात गेली त्या आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू उमटले. सहा जणांना ‘प्रति’मध्ये घातले की प्रत्येकास वाटते, उरलेल्या पाचांपैकी कोणीतरी करील. तेव्हा ‘प्रति’मध्ये शक्यतो एकच नाव असावे, असा आमचा आग्रह आहे. ‘बीसीसी’ची प्रत इतरांस दिसत नाही. अनेक देणगीदारांस एकच पत्र धाडताना तिचा उपयोग करावा, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्यास कळत नाही.

आता दिनदर्शिकेविषयी. आपल्या प्रत्येक विभागात भिंतीवर कालनिर्णय आहे आणि तो तेथेच राहावा. संगणकावरील दिनदर्शिका निराळ्या कामाची आहे. एका रुग्णालयात, ज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, बाहेरगावहून येणाऱ्या शल्यचिकित्सकांचा दिवस बदलला. कार्यालयाच्या डायरीत तो बदल झाला, शस्त्रक्रियागृहाच्या डायरीत झाला नाही. आदल्या रात्रीपासून उपाशी असलेले वृद्ध गृहस्थ पहाटेच्या एस.टी.ने आले आणि दुपारी तसेच परत गेले. डायऱ्या दोन असल्या की असे घडणारच. सामाईक दिनदर्शिकेत नोंद एकच असते. ती बदलली की सर्वांच्या पडद्यावर बदलते आणि ज्यांना निमंत्रण गेले आहे त्यांच्याकडून स्वीकार किंवा नकार मागता येतो. उत्तर आले नाही, तर दूरध्वनी करावा. न आलेले उत्तर म्हणजे होकार, असे कोणीही धरू नये.

अमावास्येच्या तिथीही आम्ही या दिनदर्शिकेत घातल्या आहेत. काहींना हसू येईल. परंतु त्या दिवशी नियोजित शस्त्रक्रिया नको म्हणणारे रुग्ण पुष्कळ असतात, आणि ऐन वेळी रिकामे पडलेले शस्त्रक्रियागृह कोणाच्याच उपयोगाचे नाही.

नोंदीत रुग्णाचे नाव व आजार लिहू नये, केवळ केसपेपरचा क्रमांक लिहावा, यावर वर्गात बराच वाद झाला. नावावाचून गोंधळ होईल, असे परिचारिका भगिनींचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य होते. परंतु ही दिनदर्शिका स्वागतकक्षातील पडद्यावरही उघडी असते. एच.आय.व्ही.बाधित व्यक्तीची माहिती तिच्या संमतीवाचून उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, आणि इतर आजारांचेही बोभाटे व्हावेत असे कोणास वाटेल? शेवटी क्रमांक आणि नावाची आद्याक्षरे यांवर एकमत झाले.

पुनरावृत्त होणाऱ्या कामांच्या नोंदी फार उपयोगी पडल्या. सोनोग्राफीचा मासिक अहवाल पुढील महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत. स्मरणसूचना मात्र आठवडाभर आधीची हवी. अशी नोंद स्वतःच्या खात्यात कोणी करू नये. तो सहकारी निवृत्त झाला आणि खाते बंद झाले, की त्याच्याबरोबर स्मरणही जाते.

अमेरिकेतील मराठी देणगीदारांशी बैठक ठरविताना वेळ त्यांच्या गावाची म्हणूनच नोंदवावी. तेथील घड्याळे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तासाने सरकतात. न्यूयॉर्कची सकाळी आठची वेळ उन्हाळ्यात आपल्याकडे सायंकाळी साडेपाच, तर हिवाळ्यात साडेसहा होते. तो हिशेब संगणक स्वतः करतो.

सांकेतिक शब्द कागदावर लिहून मेजाच्या काचेखाली ठेवण्याची प्रथा बंद झाली आहे. पडताळणीचा आकडा एकाच लिपिकाच्या भ्रमणध्वनीवर येतो आणि तो रजेवर गेला की पेटी उघडत नाही, ही अडचण अद्याप शिल्लक आहे. कार्यालयासाठी स्वतंत्र भ्रमणध्वनी मिळावा, अशी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे.

शस्त्रक्रियागृहातील कागदी नोंदवही आम्ही बंद केलेली नाही. रोज सकाळी सात वाजता त्या दिवसाचे पान छापून परिचारिका भगिनी ते दारावर लावतात. वीज गेली तरी ते पान तेथे असते.